ऑक्टोबर हीटमधली रेड: फ्रातेली सांजोवेसे

पाऊस सरला की कोल्हापुरात आधी ऑक्टोबरचा चटका येतो, थंडी नंतर. या दिवसांत जड, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली रेड वाइन नको वाटते. मी फ्रातेली या भारतीय वायनरीची सांजोवेसे घेतो. द्राक्ष मूळचं इटलीतलं, तिथल्या टस्कनी प्रांतातल्या कियान्ती या रेड वाइनचा कणा. बागा मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजकडे. वाइन अगदी पातळ नाही, मध्यम म्हणा. ग्लासात रंग इतका निवळ की मागचं बोट दिसतं. वास आंबटगोड चेरीचा, शेवटी जिभेवर जरा तुरट.

रेड रूम टेम्परेचरला प्यावी हे युरोपातल्या गार घरांसाठी ठीक. आपण बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. 15 अंशांच्या आसपास ती खुलते.

सोबत पांढरा रस्सा आणि फार तिखट नसलेलं सुकं मटण. नारळाच्या दुधाचा, खसखशीचा स्निग्धपणा हिच्या आंबटपणाने सुरेख कापला जातो, पुढचा घोट पुन्हा ताजा लागतो. तांबड्याबरोबर मात्र घेऊ नका. अल्कोहोल आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) तिखटाची आग वाढवतात.

एका दुकानात बाटल्या उन्हाच्या काचेत मांडलेल्या होत्या. तिथली शिजलेल्या जामसारखी लागली. आतल्या कपाटातली मागून घ्या.