आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे मोजे: माप घेऊनच घ्या

आईचा उजवा गुडघा बदलला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मांडीपर्यंतचे स्टॉकिंग्ज आणायला सांगितले. महिनाभर रोज माझ्याच हातांनी घातले-काढले, म्हणून लिहितेय.

पहिल्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर काउंटरवरच्या माणसाने फक्त "एल की एक्सएल?" एवढंच विचारलं आणि डबा हातात ठेवला. वॉर्डातल्या सिस्टरनी तो उघडताच परत गुंडाळला. ते व्हेरिकोज व्हेन्सचे, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांसाठीचे मोजे होते, कितीतरी जास्त घट्ट. ऑपरेशननंतर अंथरुणावर असलेल्या माणसाला लागतात ते वेगळे: घोट्यापाशी दाब साधारण 18 मिलिमीटर (पाऱ्याचा, रक्तदाब मोजतात त्याच मापात) आणि वर जाताना कमी कमी होत जाणारा, म्हणजे रक्त वरच्या दिशेने सरकतं. पेशंट पडून असला की पोटरीचे स्नायू काम करत नाहीत, रक्त तिथे साचतं, आणि तिथली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दुकानातल्या ताईंनी आधी टेप काढून दिली आणि मांडीचा घेर, पोटरीचा घेर, टाचेपासून वरपर्यंतची लांबी असं सगळं मोजून आणायला सांगितलं. दोन्ही पायांचं, वेगवेगळं. साडेनऊशेची जोडी. बोटांपाशी खिडकी असते, तिथून बोटं गार-निळी पडली नाहीत ना ते बघता येतं.

घालणं मात्र अवघड. पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवायची, वरून मोजा ओढायचा, टाच नेमकी टाचेच्या जागी बसवायची आणि पिशवी खिडकीतून ओढून घ्यायची. वरची कड कधीही दुमडू नका, तिथे पाय आवळला जातो. वरच्या सिलिकॉनच्या पट्टीने आईला पुरळ आलं, त्याचा एक तारा कापतेय. रोज काढून टाच आणि कातडी बघायचीच. चौथ्या दिवशी पाय सुजला तेव्हा पुन्हा माप घेऊन एक नंबर मोठी जोडी आणावी लागली. हा खर्च टाळू नका. पायाच्या रोहिण्यांत रक्त कमी जात असेल तर हे मोजे चालत नाहीत, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मोजे आहेत म्हणून गोळी चुकवायची नाही. आईला रिव्हारोक्सॅबॅन 10 मिलिग्रॅम, रोज एक, 12 दिवस होती. मी कॅलेंडरवर फुली मारत होते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेली दुखण्याची गोळी मी परत केली, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तिने रक्तस्राव वाढू शकतो. दर तासाला पावलं वर-खाली, आणि वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत.

चार तारे. पुढच्या महिन्यात मावशीचा खुबा बदलायचाय, तिथे हीच गोळी साधारण 35 दिवस चालते. तिने आईचेच मोजे मागितले होते. दिले नाहीत. रविवारी टेप घेऊन तिच्याकडे जातेय.