मेंदूतला दाह मोजणारी एलायझा किट: आयएल-६ खुशाल घ्या, आयएल-१ बीटा तपासून घ्या

अल्झायमर असो, मल्टिपल स्क्लेरोसिस असो की मेंदुज्वर, मेंदूतल्या दाहाचा अभ्यास म्हटला की आयएल-६, आयएल-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइनं (दाहाचा निरोप नेणारी प्रथिनं) मोजावीच लागतात. तिन्हींसाठी ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) तयार सँडविच एलायझा किट मिळतात; त्यांत प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडून रंगावरून मोजतात. पद्धत एकच असली तरी तिन्हींवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

आयएल-६ चं किट सर्वांत खात्रीचं. निरोगी माणसाच्या सीएसएफमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) हे प्रथिन काही पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर इतकंच असतं, जिवाणूजन्य मेंदुज्वरात मात्र हजारांच्या घरात जाऊ शकतं. म्हणून अशा रुग्णाचा नमुना विरल न करता एकदा आणि ५० पट विरल करून एकदा, असा दोनदा लावावा. अल्झायमरमधला फरक फार बारीक असतो, तिथे साधं किट अपुरं पडतं. उच्च संवेदनशीलतेचंच घ्यावं. माहितीपत्रकावरच्या ‘संवेदनशीलते’च्या आकड्यावर जाऊ नका. तो कोऱ्या (प्रथिन न घातलेल्या) वेलच्या वाचनातून काढलेला असतो. भरवशाची मोजणी सर्वांत खालच्या स्टँडर्डपासून (माहीत असलेल्या मात्रेच्या नमुन्यापासून) सुरू होते.

आयएल-१ बीटाच्या बाबतीत खरी गोची आहे. पेशीत ते आधी ३१ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात तयार होतं. एनएलआरपी३ इन्फ्लमासोम (दाह पेटवणारा प्रथिनांचा संच) जागा झाला की कॅस्पेस-१ हे एन्झाइम ते कापतं आणि १७ किलोडाल्टनचं सक्रिय रूप बाहेर पडतं. मेंदूची ऊती कुटली की पेशी फुटतात आणि निष्क्रिय रूपही द्रवात मिसळतं. किटची प्रतिपिंडं तेही पकडत असतील, तर इन्फ्लमासोम शांत असतानाही आकडा चढलेला दिसतो. ही बाब किरकोळ नाही. अल्झायमरच्या उंदीर-मॉडेलमध्ये एनएलआरपी३ काढून टाकल्यावर स्मृतीची हानी कमी झाल्याचं २०१३ मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा सक्रिय रूप किती, हाच तर मूळ प्रश्न आहे. माहितीपत्रकात ‘प्रो-आयएल-१ बीटा’शी (म्हणजे निष्क्रिय रूपाशी) क्रॉस-रिअ‍ॅक्शन किती टक्के, ते शोधा. लिहिलेलं नसेल तर कंपनीला विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि मोजणीनंतर वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची पद्धत) १७ किलोडाल्टनचा पट्टा बघाच.

टीएनएफचं किट मोजतं बरोबर, अर्थ लावताना घोळ होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टीएनएफ अडवणाऱ्या लेनरसेप्ट या औषधाच्या चाचणीत (निष्कर्ष १९९९) आजाराचे झटके उलट वाढले. टीएनएफ हे टीएनएफआर१ या रिसेप्टरमार्फत दाह भडकवतं, तर टीएनएफआर२ या रिसेप्टरमार्फत मायलिनच्या (चेतातंतूंवरच्या आवरणाच्या) दुरुस्तीला हातभार लावतं. एकूण टीएनएफ किती, यावरून कोणता मार्ग चालू आहे ते कळत नाही.

मोजणी बिघडते ती बहुधा प्लेटच्या आधीच. प्राण्याच्या मेंदूतून थंड पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) सोडून रक्त धुऊन काढलं नाही, तर रक्तातली सायटोकाइनं मेंदूच्या खात्यावर जमा होतात. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं) आणि १ टक्का ट्रायटन (सौम्य डिटर्जंट) चालतं. एसडीएस हे तीव्र डिटर्जंट नको, आणि डीटीटी तर अजिबात नको, कारण ते प्रतिपिंडांचे डायसल्फाइड बंध तोडतं. सोडियम अझाइड हे रंग आणणारं एचआरपी एन्झाइम बंद पाडतं, रंगच येत नाही. प्लेटवर टाकताना ट्रायटन ०.१ टक्क्यावर येईल इतका नमुना विरल करा, आणि निकाल बीसीए चाचणीने मोजलेल्या एकूण प्रथिनाच्या प्रति मिलिग्रॅममध्ये द्या. एका नमुन्यात ठरावीक स्टँडर्ड मिसळून परत किती मिळतं ते बघा: ८० ते १२० टक्के आलं तर ठीक, नाहीतर बफर आड येतंय. सीएसएफ काढल्यावर लगेच सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या करा, पॉलिप्रॉपिलीनच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका.

सात स्टँडर्ड आणि एक कोरा, सगळे दुहेरी, यात १६ वेल जातात. उरलेल्या ८० मध्ये ४० नमुने बसतात. प्रत्येक धुण्याला वेलमागे ३०० मायक्रोलीटर बफर, आणि शेवटी प्लेट उलटी करून टिश्यूवर नीट आपटायची. इथे घाई झाली की कोरा वेलही पिवळा होतो. प्लेट एकावर एक रचल्या तर कडेच्या आणि मधल्या वेलच्या तापमानात फरक पडून आकडे फाकतात. वाचन ४५० नॅनोमीटरला, ५७० चं वजा करून.

टोसिलिझुमॅब (आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात आयएल-६ वाढलेलं दिसतं, कारण रिसेप्टर अडल्याने त्याचा निचरा होत नाही. तो आकडा दाह वाढल्याचा पुरावा मानू नये.

उंदराच्या सीएसएफसाठी एलायझा किट घेऊच नका. एका उंदरातून जेमतेम ५ ते १० मायक्रोलीटर मिळतं आणि इथे वेलमागे ५० ते १०० लागतात. मण्यांवरचं मल्टिप्लेक्स किट (एकाच नमुन्यात अनेक प्रथिनं मोजणारं) बघा. बाकी कुठलंही किट घ्या, एका अभ्यासाचे सगळे नमुने एकाच लॉटवर (किटच्या एकाच उत्पादन-खेपेवर) लावा. दुसरा लॉट उघडावाच लागला, तर प्रत्येक प्लेटवर त्याच साठ्यातले दोन कंट्रोल (तुलनेचे नमुने) ठेवा, एक खालच्या पातळीचा आणि एक वरच्या.