चिप कंपनीची रोकड: बायबॅक करावं की फॅबसाठी राखावी?

कंपनीची स्वतःची फॅब, म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना, आहे की नाही, एवढं पाहिलं तरी निम्मा वाद मिटतो. एनव्हिडिया डिझाइन करते आणि चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने आणखी ५० अब्ज डॉलरच्या बायबॅकला, म्हणजे स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्याला, मंजुरी दिली, त्यापायी कुठलं बांधकाम अडलं नाही. अशा फॅबलेस, म्हणजे स्वतःची फॅब नसलेल्या, कंपनीत बायबॅकला माझी फारशी हरकत नाही. लाभांश कापला की बोंब होते, बायबॅक मात्र गुपचूप थांबवता येतं.

फक्त घोषणेच्या आकड्याला भुलू नका. कर्मचाऱ्यांना पगारात शेअर मिळतात आणि बायबॅकचा बराच पैसा तेवढी भर निस्तरण्यातच जातो. डायल्युटेड शेअरसंख्या (कर्मचाऱ्यांना द्यायचे शेअरही धरून) पाच वर्षांत किती उतरली ते बघा. जागच्या जागी असेल, तर बायबॅकच्या नावाखाली पगारच भागवला गेलाय.

फॅबवाल्यांचं गणित वेगळं. अद्ययावत फॅबचा खर्च २० अब्ज डॉलरच्या पुढे जातो आणि पाया खणल्यापासून उत्पादनापर्यंत तीन-चार वर्षं सहज लागतात. चिपवर अतिबारीक नक्षी छापणारी ईयूव्ही यंत्रं बनवणारी कंपनी एकच, एएसएमएल. एकेका यंत्राला १५ कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागतात, तेही आधी नंबर लावून. मेमरी चिपच्या धंद्यात तर तेजी-मंदीचा फेरा क्रूर आहे: मायक्रॉनने आर्थिक वर्ष २०२२ मध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलरचं बायबॅक केलं, पुढच्याच वर्षी ५.८ अब्जांचा तोटा. हाती पैसा खुळखुळतो तो तेजीत, म्हणजे शेअर महाग असतानाच.

पण माझं पारडं झुकलं ते इंटेलमुळे. जुलै २०२० मध्ये ७ नॅनोमीटरची नवी चिप-प्रक्रिया लांबल्याची कबुली आली आणि ऑगस्टमध्ये १० अब्ज डॉलरचं वेगवान बायबॅक जाहीर झालं. भाव तेव्हा ५० डॉलरच्या आसपास. त्या वर्षी बायबॅक सुमारे १४ अब्ज, भांडवली खर्चही तेवढाच. ऑगस्ट २०२४ मध्ये लाभांश थांबवावा लागला, आणि वर्षभराने अमेरिकी सरकारला सुमारे १० टक्के हिस्सा द्यायचा ठरला, २०.४७ डॉलर दराने. पन्नासला घेतलेला कागद विसाला विकायचा!

आता, इंटेलचं दुखणं पैशाचं नव्हतं, प्रक्रियेतल्या दोषांचं होतं, हे मान्य. ते १० अब्ज ओतून यील्ड, म्हणजे बनवलेल्यांपैकी चांगल्या निघणाऱ्या चिपचं प्रमाण, सुधारलंच असतं असंही नाही. अडचणीच्या दिवसांत ते हाताशी असते, एवढंच म्हणणं.

टीएसएमसी दर तिमाहीला लाभांश देते, बायबॅक जवळपास नाहीच. २०२४ मध्ये भांडवली खर्च ३० अब्ज डॉलरच्या घरात होता. एवढी क्षमता उभारल्यावर मागणी आटली तर घसारा नफा खातो, ही जोखीम उरतेच. तरीही फॅबवाली कंपनी निवडायची झाली तर मी कॅश फ्लोच्या पत्रकात दोन ओळी शेजारी ठेवतो: शेअर पुनर्खरेदी आणि भांडवली खर्च. पहिली दुसरीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर मी पुढचं पान उलटत नाही.