घरच्या घरी वॉश, पॉलिश, वॅक्स : एका संचाचा दोन महिन्यांचा अनुभव

सर्व्हिसिंगला गाडी दिली की ‘रबिंग-पॉलिश करून घ्या, नवी दिसेल’ असा आग्रह होतोच, आणि माझ्या ९ वर्षांच्या गडद निळ्या हॅचबॅकच्या बाबतीत मी तो दोनदा मानला. दोन्ही वेळा गाडी पंधरा दिवस चकाकली आणि नंतर उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागल्या. म्हणून या वेळी शॅम्पू, पॉलिश आणि कार्नोबा वॅक्स असा संच १,१५० रुपयांना ऑनलाइन मागवला आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादल्या मांडल्या. संचासोबत एक स्पंज आणि एक पिवळा मायक्रोफायबर फडकाही आला होता.

शॅम्पू चांगला आहे. १० लिटर पाण्याला ३० मिलि पुरतो. फेस बेताचाच होतो, पण हात पत्र्यावरून सहज घसरतो आणि धुण्याच्या कामात फेसापेक्षा हा बुळबुळीतपणा महत्त्वाचा असतो, कारण त्यामुळे धुळीचे कण रंगावर न घासता निघून जातात. भांडी घासायच्या लिक्विडनेही गाडी स्वच्छ होते, मात्र त्याबरोबर आधीचे वॅक्सही धुऊन जाते. सोबतचा स्पंज मी पहिल्याच दिवशी टायरांच्या कामाला लावला, कारण त्याच्या सपाट पृष्ठभागात रेती अडकून राहते. त्याऐवजी मायक्रोफायबरचा झुपकेदार हातमोजा घेतला आणि एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी ठेवून प्रत्येक दारानंतर मोजा साध्या पाण्यात खळबळून घेतला. शेवटी त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी चिमूटभर काळी रेती बसलेली दिसली. एरवी ती रंगावरच फिरली असती. आमच्याकडे बोअरचे पाणी येते, ते पत्र्यावर वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात. त्यामुळे शेवटचे पाणी कॉर्पोरेशनचे वापरले आणि गाडी लगेच कोरडी केली.

धुतल्यानंतर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून छतावरून फिरवला तेव्हा खाली रवा पसरल्यासारखे लागले. हा चिकटून बसलेला कचरा शॅम्पूने निघत नाही. त्याला क्ले बार, म्हणजे पत्र्यावरून फिरवून असा कचरा ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, लागतो. तो संचात नाही आणि पेटीवर त्याचा उल्लेखही नाही. पॉलिशच्या आधीची ही पायरी वगळून संच पूर्ण म्हणून विकणे मला पटले नाही. क्ले वेगळा आणावा लागला.

पॉलिशविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पॉलिश आणि वॅक्स यांत बहुतेकांची गल्लत होते. पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते आणि ती रंगावरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअर कोटचा, किंचित अंश काढून टाकते. वॅक्स काहीच काढत नाही, वर नवा थर देते. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो आणि एकदा गेलेला भाग परत येत नाही. असे असताना बाटलीवर ‘महिन्यातून एकदा वापरा’ असे छापणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मी बॉनेटचा दोन फुटांचा चौकोन मास्किंग टेप लावून वेगळा केला, तेवढाच हाताने घासला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिले, तर टेपच्या अलीकडच्या निम्म्या रेषा गेल्या होत्या आणि पलीकडे जाळे तसेच होते. हाताने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. जो ओरखडा नखाला लागतो तो यातून जाणार नाही आणि दारांच्या कडांवर तर पॉलिश लावूच नये, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. उरलेली गाडी करायला तीन तास आणि दुखरा खांदा लागला.

वॅक्स मात्र या संचाचा जीव आहे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरचे मेण. ते ८० अंश सेल्सिअसच्याही वर वितळते, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही तग धरते. लावताना मात्र पत्रा थंड आणि गाडी सावलीत हवी. थर जेवढा पातळ तेवढा चांगला. दहा मिनिटांनी बोट फिरवल्यावर रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यावे. मी घाईत काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर वॅक्स सांडवले आणि ते पांढरे डाग जुन्या टूथब्रशने काढण्यात अर्धा तास घालवला. दुसऱ्या दिवशी गाडीवर कबुतराने आपले काम केले होते. ओल्या फडक्याच्या एका हलक्या पुसण्यात ते डाग न ठेवता निघाले. डब्यावर सहा महिन्यांचा दावा आहे. माझ्याकडे सातव्या आठवड्यात पाण्याचे गोल थेंब पसरट होऊ लागले, म्हणजे वॅक्सचा थर झिजू लागला.

सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या काकांना आता पगार तोच ठेवून फक्त काचा पुसायला सांगितले आहे, कारण एका बादलीत बारा गाड्यांचा फडका पिळला जातो. वॅक्सचा डबा अजून पाऊण भरलेला आहे, पॉलिशची बाटली पुढच्या दिवाळीपर्यंत उघडणार नाही. शॅम्पू संपत आला आहे, तो सुटा मिळतो. पूर्ण संच पुन्हा घेणार नाही.