धातूची ॲलर्जी: पाठीवर पॅच लावायचा की रक्त द्यायचं?

खोटं कानातलं घातलं की दुसऱ्या दिवशी कानाची पाळी चिघळते, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाजरा चट्टा उठतो. संशय निकेलवर. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट सुचवतात, पण त्यात पाठ कोरडी ठेवायची. ऐन उन्हाळ्यात ते नकोसं वाटतं. उलट लॅबचं 'ॲलर्जी प्रोफाइल' एका सुईत होतं. तरीही माझं मत पॅचच्याच बाजूने आहे, कारण इथे दोषी पेशीच वेगळी आहे.

धुळीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. ती मास्ट नावाच्या रोगप्रतिकारक पेशींवर बसलेली असतात, खुणेचा पदार्थ आला की पेशी हिस्टामिन सोडतात आणि काही मिनिटांत गांधी उठतात. निकेलचा मार्ग निराळा. घामात विरघळलेले त्याचे आयन (विद्युतभारित कण) कातडीत उतरतात आणि पेशीवरच्या टीएलआर४ नावाच्या ग्राहीला, म्हणजे संकेत पकडणाऱ्या रेणूला, चिकटून धोक्याची घंटा वाजवतात. (माणसाच्या या ग्राहीवर निकेलला धरून ठेवणारी हिस्टिडिन नावाची अमिनो आम्लं आहेत, उंदराच्या ग्राहीवर ती नाहीत, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं.) मग कातडीतल्या पहारेकरी डेंड्रिटिक पेशी लसिकाग्रंथींत जाऊन टी पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) निकेलची ओळख करून देतात. या पहिल्या फेरीत खाज नसते, म्हणूनच 'इतकी वर्षं घालतेय, आत्ताच कसं?' हा प्रश्न पडतो. स्मृती असलेल्या टी पेशी तयार झाल्या की पुढच्या संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत चट्टा उठतो.

आता लॅबचं पॅकेज पाहा. ते आयजीई मोजतं. निकेलने कान सडत असलेल्या माणसाचा आकडा नॉर्मल येऊ शकतो, आणि नुसती धुळीची ॲलर्जी असलेल्याचा वाढलेला. या कामासाठी पैसे वाया.

पॅच टेस्ट म्हणजे तीच प्रतिक्रिया मुद्दाम, पाठीवरच्या नखाएवढ्या जागेत घडवायची. त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी ती 1895 मध्ये मांडली. व्हॅसलीनमध्ये 5 टक्के निकेल सल्फेट, 48 तास चिकटपट्टीखाली. काढल्यावर एक वाचन, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरं. धातू कधी उशिरा उठतात, त्यामुळे सातव्या दिवशी पुन्हा दाखवलेलं बरं. नुसती लाली पुरत नाही. बोटाला लागणारा फुगवटा किंवा बारीक पुरळ हवं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, निकाल दबतो. क्वचित टेस्टमुळेच नवी ॲलर्जी जडते, पण तो धोका लहान आहे. फायदा मोठा: कोबाल्ट, सिमेंटमधलं क्रोमियम, सुगंधी द्रव्यं, रबर असं सगळं एकाच पाठीवर तपासता येतं. टिकलीखालचा डाग बऱ्याचदा धातूचा नसून गोंदाचा असतो, तोही इथेच कळतो.

तिसरा पर्याय लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन टेस्ट. रक्तातल्या जिवंत टी पेशी निकेलसोबत जवळपास आठवडाभर वाढवायच्या आणि त्या विभागतात का ते पाहायचं. पेशी बरोबर पकडली आहे. अडचण अशी, की कधीच खाज न आलेल्या माणसांच्या रक्तातही निकेलला उत्तर देणाऱ्या टी पेशी सापडतात, त्यामुळे 'पॉझिटिव्ह'चा अर्थ लावणं कठीण. शिवाय रक्त ताजं पोचायला हवं. सगळी पाठच इसबाने भरली असेल तर हिचा विचार करा.

दागिना तपासायचा असेल तर डायमिथाइलग्लायॉक्झाइमचं किट घ्या: थेंब टाकलेला कापूस दागिन्यावर घासायचा, गुलाबी झाला की निकेल सुटतंय.

गुडघा बदलायचा असेल आणि धातूचा त्रास कधीच झाला नसेल, तर केवळ भीतीपोटी टेस्ट नको. खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने चिघळत असेल तर सर्जनला ऑपरेशनच्या तारखेआधीच सांगा. कोबाल्ट-क्रोमच्या सांध्यात थोडं निकेलही असतं. मात्र पाठीवर पॉझिटिव्ह आलं म्हणजे आतला सांधा बिघडणारच असं नाही; ते पाहून कोणता सांधा बसवायचा हे सर्जनशी बोलून ठरवा.