पिवळी पूड, चंद्रकोरीची कात्री आणि दिव्याचं नेलकटर

गिनीपिगची नखं कापण्यासाठी घेतलेल्या या तिन्हींपैकी आधी काय घ्यायचं ते सांगून टाकते: रक्त थांबवणारी पूड. नेलकटर नंतर घेतलंत तरी चालेल. मी नेमकं उलटं केलं, म्हणून हे लिहायला बसले.

मी शिवणकाम करते. कात्री माझ्या हातात तीस वर्षं आहे, त्यामुळे धारेतलं मला कुणी शिकवायला नको असा माझा समज होता. घरात दोन गिनीपिग आहेत, सख्ख्या बहिणी. कापशी पांढरी, काजळ नावासारखीच. खरं तर त्या लेकीच्या. ती शिकायला बाहेर गेली आणि जाताना पिंजरा, पाण्याची बाटली आणि एक कागद माझ्या हवाली करून गेली. कागदावर ‘आई, नखं महिन्यातून एकदा’ एवढंच. कशी कापायची, ते तिने गृहीत धरलं असावं. आई कात्रीवालीच आहे ना!

गिनीपिगला 14 नखं असतात. पुढच्या पंजांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन. ती जन्मभर वाढत राहतात. कडक, खडबडीत जमिनीवर थोडी झिजतात, पण पिंजऱ्यातल्या मऊ कापडावर कसली झिजणार? मग ती वळतात, पाऊल तिरकं पडायला लागतं, आणि फारच दुर्लक्ष झालं तर टोक तळव्यातच रुततं. म्हणजे हा हौसेचा भाग नाही, करावंच लागतं.

तर मी मागवलं ते दिव्याचं नेलकटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अगदी याच घाटाची दहा-बारा वेगवेगळ्या नावांनी मिळतात. पकडीसारखं, हातात रबराची मूठ, जबड्याजवळ छोटा पांढरा दिवा, मागे एक सरकणारी पट्टी आणि सोबत कानस. खोक्यावर कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग अशी सगळी वरात छापलेली. तिथेच ओळखायला हवं होतं. एकाच कात्रीने जीनही कापायची आणि मलमलही, असं कुणी म्हणालं तर मी हसले असते.

आल्या आल्या मी माझी नेहमीची परीक्षा घेतली. मिटलेली पाती उजेडासमोर धरली. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली. मग एकपदरी दोरा कापून पाहिला, तर तो तुटला नाही, पात्यांमध्ये चेमटून दुमडला. जाड नखाला हे चालून जात असेल. गिनीपिगचं नख बारीक आणि गोलसर असतं. ते कापलं जाण्याऐवजी दोन्ही बाजूंनी चेपलं गेलं तर उभं तडकतं, आणि आत शीर असल्याने चेपण्याचा त्रास त्या जिवाला वेगळा होतो. आपलं घरातलं नेलकटर वापरतानाही हीच अडचण येते, कारण ते चपट्या नखासाठी बनलेलं असतं.

दिव्याची गंमत पुढे आहे. नखाच्या आत एक शीर असते, तिच्यासोबत मज्जातंतूही असतो. कापशीच्या नखात ती गुलाबी रेघेसारखी स्पष्ट दिसते, तिथे दिवा नसला तरी चालतं. काजळची नखं काळी. तिथे दिवा हवाच, पण उजेड नखाच्या पलीकडून यायला हवा, म्हणजे शिरेची सावली दिसते. या नेलकटरचा दिवा आपल्याच बाजूने नखावर पडतो. नख चमकतं, आत काही दिसत नाही. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप उसवताना वरून कितीही उजेड टाका, कापड खिडकीसमोर धरल्याशिवाय टीप दिसत नाही, तसंच हे. मोबाईलची टॉर्च पंजाखाली धरली तर जे दिसतं, ते या दिव्याने मला एकदाही दाखवलं नाही.

आणि ती सरकणारी पट्टी! जास्त नख आत जाऊ नये म्हणून ती असते म्हणे. कल्पना चांगली आहे. काज फाडताना आम्ही टोकाला आडवी टाचणी लावतो, हात घसरला तरी उसवणी टाचणीला अडते आणि कापड वाचतं. पण टाचणी नेमकी काजाच्या टोकाशी लागते. ही पट्टी मोठ्या कुत्र्याच्या नखाच्या मापाने बसवलेली आहे. काजळचं अख्खं नख शिरेसकट आत जाऊनही पट्टीला टेकत नाही. नसती तर मी जपून कापलं असतं. होती म्हणून निर्धास्त राहिले.

व्हायचं तेच झालं. मागचा उजवा पाय, मधलं नख. काजळने पाय ओढला, मी त्याच क्षणी मूठ दाबली. ती किंचाळली. मग मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर एक लाल ठिपका, लगेच दुसरा. सुई टोचून माझ्या बोटांतून आयुष्यात किती रक्त गेलं त्याचा हिशेब नाही, पण या चार-पाच थेंबांनी माझे हात थरथरायला लागले. लेकीला फोन लावला.

‘‘आई, पावडर कुठे आहे?’’

‘‘कसली पावडर?’’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘बरं, कॉर्नफ्लोर आण. आणि तोपर्यंत स्वच्छ कापडाने नखाचं टोक दाबून धर. सारखं उघडून बघू नकोस.’’

मी आधी कापूस लावला होता. तो चूक. कापसाचे तंतू रक्तात चिकटतात आणि कापूस काढताना धरलेली खपलीही निघून येते. सुती कापडाची घडी बरी. दाबलेलं दोन-तीन मिनिटं अजिबात सोडायचं नाही, घड्याळ बघून. मी तीस सेकंदांनी डोकावत होते आणि दर वेळी नवा थेंब यायचा. शेवटी यांनी कॉर्नफ्लोर वाटीत आणून दिलं, नखाचं टोक त्यात बुडवलं, वरून दाबलं. थांबलं, पण वेळ लागला. पीठ रक्त शोषून घट्ट थर धरतं, बाकी काही करत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टिप्टिक, म्हणजे रक्त थांबवणारी पावडर मागवली, आणि या लिहिण्याचं खरं कारण तीच आहे. माझ्या डबीत फेरिक सबसल्फेट हा लोखंडाचा क्षार आहे. रंग पिवळट-तपकिरी, वास गंजल्यासारखा. ती रक्तातल्या प्रथिनांशी मिळून जागच्या जागी बूच तयार करते. दीड महिन्याने काजळच्याच दुसऱ्या नखाला पुन्हा लागलं (हो, पुन्हा, त्याबद्दल खाली), तेव्हा चिमूटभर पूड टोकावर दाबली आणि मिनिटभरात थेंब बंद. कॉर्नफ्लोरच्या वेळी पाव तास गेला होता.

दोष आहेतच. पूड झोंबते. काजळने दात कटकटवले, म्हणजे तिच्या भाषेत शिवी. डाग पडतो आणि तो टॉवेलवरून जात नाही, मी सगळे उपाय करून पाहिले. ती फक्त कापलेल्या नखाच्या टोकासाठी आहे, खोल जखमेवर किंवा कातडीच्या चिरेवर टाकायची नाही. रक्त थांबल्यावर आजूबाजूची सांडलेली पूड ओल्या कापडाने टिपून घ्यायची, टोकावरची तशीच ठेवायची, नाहीतर जनावर ती चाटत बसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे झाकण. आधी फिरवायचं, आत कागदी सील, ते नखाने काढायचं. एका हातात रक्ताळलेला गिनीपिग असताना हे कुणी करून दाखवावं! आली त्या दिवशीच सील फाडून ठेवा. कापायला बसण्याआधी थोडी पूड छोट्या झाकणात काढून शेजारी ठेवा. मी आता तसंच करते.

तुरटीनेही काम होतं. दाढी करताना लागलं की लावतात तीच, स्टिप्टिक पेन्सिलीतही बहुधा तीच असते. पण खडा बारीक नखावर टेकवताना घसरतो, म्हणून माझ्याकडे ती दुसऱ्या क्रमांकावर. सिल्व्हर नायट्रेटच्या काड्याही मिळतात. त्या कातडी भाजतात आणि काळा डाग पाडतात. डॉक्टरांच्या हातातच बऱ्या, मी घेतल्या नाहीत.

घाबरून फोन करणाऱ्यांसाठी एक हिशेब देते, मला त्या रात्री याने झोप लागली. गिनीपिगच्या अंगात साधारण किलोला 70 मिलिलिटर रक्त असतं. काजळ 950 ग्रॅमची, म्हणजे तिच्यात 65 मिलिलिटरच्या आसपास. 20 थेंबांचं साधारण एक मिलिलिटर होतं. टॉवेलवर दहा थेंब दिसले तर ते अर्धा मिलिलिटर. पांढऱ्या कापडावर ते भयंकर दिसतं, पण जिवावरचं नसतं. जिवावरचं केव्हा? नीट दाबून, पूड लावूनही पंधरा मिनिटांत थांबत नसेल तेव्हा. किंवा नख मुळापासून उपटलं गेलं असेल, बोट सुजलं असेल, लंगडत असेल, तर छोट्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं. खाणं थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, गिनीपिगचं पोट रिकामं राहून चालत नाही. आपल्या घरातली वेदनाशामक गोळी अजिबात नाही. अँटिबायोटिकही मनाने नाही: पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडाने दिली तर त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली तेव्हा कळली. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखम लवकर भरत नाही. काजळला रोज ढोबळी मिरची मिळते, त्यामुळे ती शंका मिटली.

आता तिसरी वस्तू. दुसऱ्या रक्तानंतर मी त्या नेलकटरला रामराम केला आणि छोट्या प्राण्यांची कात्री घेतली. बोटभर लांबीची, दोन्ही पात्यांना चंद्रकोरीसारखी खाच. नख त्या खाचेत बसतं, घसरत नाही. दोऱ्याच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास. उजेडाची रेघ नाही. वजन इतकं कमी की मनगट हललं तरी पातं झोके खात नाही. एकच तक्रार आहे. बोटांच्या कड्या फार लहान आहेत, माझा अंगठा कसाबसा जातो, यांचा तर जातच नाही. डावखुऱ्यांनी आधी हातात धरून बघावी, पाती उलट्या बाजूने दाबली जातात. बाकी शिवणाच्या कात्रीइतकाच मान मी तिला देते, म्हणजे तिने कागद कापू देत नाही.

कात्री बदलली तरी पद्धत बदलावी लागलीच. आधी मी काजळला उताणी करायचे. ती थिजून पडायची आणि मला वाटायचं शांत झाली. ती शांत नसते, घाबरून गार पडलेली असते. आता पाठ माझ्या पोटाला टेकवून, बूड मांडीवर भक्कम, टॉवेलमध्ये कापडाच्या ताग्यासारखी गुंडाळून एकच पंजा बाहेर काढते. यांनी टॉर्च पंजाखाली धरायची. शिरेच्या टोकापासून दोन मिलिमीटर तरी सोडून कापते, काळ्या नखात शंका आली तर नुसतं टोक उडवते. एका बैठकीत 14 व्हायलाच पाहिजेत असं कुठे आहे? काजळची मी दोन दिवसांत करते. नखं फार वाढलेली असतील तर शीरही पुढे आलेली असते. अशी एकदम छोटी करू गेलं की रक्त ठरलेलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं कापत गेलं की शीर हळूहळू मागे सरते. माझं दुसरं रक्त याच घाईने आलं होतं, त्याचं खापर नेलकटरवर फोडता येणार नाही.

रक्त थांबल्यावर तिला लगेच भुश्यात सोडत नाही. पांढऱ्या टॉवेलवर अर्धा तास, समोर गवत. पांढरा अशासाठी की पुन्हा ठिपका पडला तर दिसावा. पुढचे दोन-तीन दिवस बोट लाल किंवा गरम नाही ना, एवढं बघायचं.

कानशीबद्दल लिहायचं राहिलं. एकदा घासली, दोघींनीही पाय ओढून घेतले, खोक्यात परत गेली.

तारे द्यायचेच तर पुडीला चार, एक झाकणापायी कापला. कात्रीला साडेचार. नेलकटरला दोन, तेही मूठ हाताला छान बसते म्हणून. लेक सुट्टीला आली तेव्हा तिने विचारलं, ते टाकून का नाही दिलंस? टाकलं नाही. आता ते मशीनजवळ असतं. सुईत दोरा ओवायला त्याचा दिवा अगदी योग्य बाजूने पडतो.