सीलबंद डब्यातले भलतेच पेलेट्स

मुलीचा दहा मीटर एअर रायफल नेमबाजीतला साठ शॉट्सचा स्कोअर ६१२ वरून ५९० च्या घरात घसरला तेव्हा आम्ही आधी तिलाच धारेवर धरलं. मोबाइल, जागरणं, दहावी, सगळं निघालं. मग रायफलवर संशय. सर्व्हिसिंगला अडीच हजार गेले. पेलेट्सचा, म्हणजे रायफलमधून झाडायच्या शिशाच्या बारीक गोळ्यांचा, विषयच निघाला नाही. ते ‘जर्मन’ होते, डबे सीलबंद होते आणि स्वस्तात मिळवल्याची फुशारकी मीच मारली होती.

विकणारा व्हॉट्सअ‍ॅपवरचा. ‘साहेब, टीमसाठी मागवलेला माल उरलाय.’ दुकानात बाराशे रुपयांना असलेला पाचशे पेलेट्सचा डबा साडेसातशेला. दहा घेतले, साडेसात हजार यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘मग जीएसटी लावू का?’ इथेच थांबायला हवं होतं. मुलुंडचा माणूस बिलाशिवाय कुकरची शिटीसुद्धा घेत नाही, पण सवलत दिसली की अक्कल गहाण पडते.

उलगडा केला मुलीच्या सरांनी. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, ‘दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे पेलेट सारखा नसेल तर पोरगी काय करणार? वजन करून आणा.’ मी दोन डबे, एक आधीचा जुना आणि एक यातला नवा, घेऊन आमच्या सोनाराकडे गेलो. तो हसला, ‘काका, शिसं काट्यावर पहिल्यांदाच बसतंय.’ जुन्या डब्यातले वीस पेलेट्स ०.५३ ग्रॅमच्या आसपास. नव्यातले ०.४८ पासून ०.५७ पर्यंत, शिवाय काहींचा मागचा घेर चेपलेला. घरी येऊन झाकणाची टेप सोलली, तर खाली आधीच्या टेपचा चिकट पट्टा.

हे साडेसात हजारांवरच निभावलं, हे नशीबच. कारण याच माणसाने पुढे मला ‘रीलोड केलेली .२२ काडतुसं, अर्ध्या भावात, लायसन्सची कटकट नाही’ असाही मेसेज टाकला होता. सरांना दाखवला, तर त्यांचा चेहराच बदलला. .२२ काडतुसाचं स्फोटक बुडाच्या कडेत असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. मॅचसाठी असली काडतुसं कोणी पुन्हा भरून विकत नाही. मोठी काडतुसं पुन्हा भरतात, पण सैन्यातल्या ७.६२ च्या एसएलआरची (सेल्फ-लोडिंग रायफलची) आठवण काढून ते म्हणाले, ‘आपोआप लोड होणाऱ्या रायफलीत काडतूस आत ढकलणारा बोल्ट जोरात पुढे येतो. काडतुसाच्या बुडातली स्फोटक टोपी, म्हणजे प्रायमर, जरा वर राहिला तर ट्रिगर न दाबताच गोळी सुटू शकते. अनोळखी माणसाने भरलेलं मी हातातही धरणार नाही.’ आणि परवान्याशिवाय काडतुसं जवळ ठेवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा. म्हणजे माल खरा निघाला असता तरी आत मीच गेलो असतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, डब्यांचे फोटो, सगळं दिलं. पण तोवर दोन महिने उलटले होते. पैसे आले नाहीत. त्याने मला ब्लॉक केलं.

गेल्या रविवारी वरळीच्या रेंजवर एका मुलाच्या आईने मोबाइल पुढे केला. ‘दादा, हे घेऊ का? तुम्हाला यातलं कळतं म्हणतात.’ नंबर नवा होता. फोटो तोच: निळ्या चादरीवर दहा डबे आणि कोपऱ्यात काळं पडलेलं नख असलेला अंगठा. मी त्यांना सोनाराचा पत्ता दिला.